सदतीस आणि अडतीस

मारुती जगताप गेल्याची बातमी आमच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी साडेसातला पडली आणि दहा वाजेपर्यंत आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी चार फोन आले. कारण माझंही नाव मारुती जगतापच. पहिला फोन हिने घेतला. पलीकडच्या माणसाने भरल्या गळ्याने सांत्वन सुरू केलं, तेव्हा ही म्हणाली, "थांबा हं, त्यांच्याकडेच देते." मी नुसतं "हॅलो" म्हटलं, तर पलीकडून "अरे, तू आहेस! म्हणजे... अडतीस गेला?" त्या 'म्हणजे'नंतर आवाज जो खाली बसला, तो मी अजून विसरलेलो नाही. चारही फोनवर हेच झालं. मी गेलो या समजुतीने फोन करणारे घाईत होते, दोन वाक्यं बोलून ठेवणार होते. तो गेला हे कळल्यावर मात्र एकेकजण वीस-वीस मिनिटं बोलला. एक धिप्पाड सुभेदार तर हुंदके देऊन रडला. वैशालीने, म्हणजे त्याच्या सुनेने, मला पहाटेच कळवलं होतं, त्यामुळे धक्का ओसरून गेला होता. माझ्या मनात त्या सकाळी जे होतं त्याला दुःख म्हणणं खोटं ठरेल. मला हेवा वाटत होता. मेलेल्या मित्राचा हेवा करणारा माणूस कसा दिसतो, हे पाहायचं असेल तर आमच्या बेसिनवरच्या आरशात तो त्या दिवशी दाढी करत होता.

दीड महिना झाला. आता थोडं नीट सांगता येईल.

आम्ही भेटलो ते भरतीच्या रांगेत. मी पेठेतला, आईने चहा पाजून पाठवलेला पोरगा, डोळ्यांवर नुकताच चष्मा लागला होता आणि तो मी खिशात लपवला होता. तो कात्रजचा. कात्रज तेव्हा गावच होतं. तिथून तो फडक्यात भाकरी बांधून चालत आला होता. ऊन मी म्हणत होतं. मला घेरी येऊ लागली तेव्हा माझ्या पुढे उभा असलेला हा मागे वळला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "तू हो फुडं. व्हरांड्याची सावली हाय तितं." मी पुढे झालो, तो मागे गेला. पुढे नंबर पडले त्यात माझ्या नंबरच्या शेवटी सदतीस आले, त्याच्या अडतीस. एकाच कंपनीत दोन मारुती जगताप म्हटल्यावर कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी नावं रद्द केली. पलटणीत तशी पद्धतच असते, सारख्या नावाची माणसं नंबराच्या शेपटाने ओळखायची. तेव्हापासून मी सदतीस आणि तो अडतीस. बारकाईने पाहिलं तर सदतीस हा नंबरसुद्धा मूळचा त्याचाच.

चष्मा काही लपला नाही. शिवाय पेठेतल्या क्लासात मी टायपिंग शिकलो होतो, तेही कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. झालं, मला कचेरीत बसवलं. बंदूक चालवायला आलो आणि आयुष्यभर रिबन बदलत बसलो. हा मात्र धावण्यात पुढे, कुस्तीत पुढे, गाण्यात गळा नसला तरी गाण्यात पुढे. जेवणाच्या रांगेत वाढणारा याला न मागता एक पोळी जास्त टाकायचा. एकदा मला रजा मिळाली नाही आणि त्याला मिळाली, तर माझी चिठ्ठी घेऊन हा आमच्या घरी गेला, दोन दिवस राहिला, आईचं पाणी भरलं, माळ्यावरची भांडी काढून घासून दिली. त्यानंतर आईच्या प्रत्येक पत्रात 'कात्रजचा मारुती कसा आहे' हा प्रश्न आधी असायचा आणि माझी चौकशी नंतर. मी ती पत्रं त्याला वाचून दाखवायचो नाही.

एकाहत्तरच्या लढाईत तो जखमी झाला. पडलेल्या साथीदाराला ओढून आणताना त्याच्या डाव्या मांडीत तोफगोळ्याचे तुकडे घुसले. मी मागे, तंबूतल्या टाइपरायटरसमोर होतो. पुढे काही काळाने जखमी झालेल्या जवानांसाठी पदक सुरू झालं आणि आमच्या युनिटकडून यादी मागवली गेली. कच्ची यादी मी हाताने लिहिली, ती बरोबर होती. तिच्यावरून आदेश टाइप केला. त्यात नंबर, हुद्दा आणि नाव एवढंच असतं. हुद्दा दोघांचाही नाईक, नाव दोघांचंही तेच. फक्त अडतीसच्या जागी सदतीस पडलं. दिवसातून दहा वेळा स्वतःचा नंबर टाइप करणाऱ्या बोटांना त्याचीच सवय असते, असं मी पुढे पन्नास वर्षं स्वतःला सांगत आलो. चूक दुसऱ्याच दिवशी, कार्बन कॉपी फाइलला लावताना माझ्या लक्षात आली. दुरुस्तीचा आदेश काढायला पाच मिनिटं पुरली असती. मी मशीनमध्ये कागद चढवलासुद्धा. तेवढ्यात टपाल आलं. आईचं पत्र होतं... 'मारुतीचा पाय कसा आहे? त्याला सांभाळ.' मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि मशीनमधला कोरा कागद काढून घेतला.

पदक यथावकाश माझ्या नावावर आलं. तो तेव्हा पायामुळे दुसरीकडे बदलून गेला होता. निवृत्तीनंतर आम्ही दोघेही पुण्यात परतलो. मी एका कचेरीत पुन्हा कारकून झालो, तो एका कारखान्याच्या गेटवर उभा राहू लागला. महिन्यातून एकदा माजी सैनिकांचा मेळावा असायचा. तिथे कोट घालून, पदकांची पट्टी लावून जायची रीत आहे. पहिली काही वर्षं मी ते पदक ट्रंकेत ठेवलं. मग एका सव्वीस जानेवारीला लावलं. का लावलं? त्याच्या आधीच्या मेळाव्यात कुणीतरी माझी ओळख करून दिली होती, 'हे दुसरे जगताप' म्हणून. झेंडावंदनाला तो समोरच उभा होता. त्याच्या छातीवर दोन पदकं, माझ्या छातीवर तीन. त्याने माझ्या कोटाकडे पाहिलं, अगदी सावकाश, डावीकडून उजवीकडे. मला वाटलं, आता संपलं. तो म्हणाला, "चल सदतीस, च्या घिऊ." आणि लंगडत पुढे चालू लागला. त्यानंतर प्रत्येक मेळाव्यात मी तीन पदकं लावली, आणि लाज वाटते सांगायला, पण मला ते आवडायचं. लोक आधी माझ्या छातीकडे बघायचे. मग पाच मिनिटांत सगळे त्याच्याभोवती गोळा व्हायचे, ती गोष्ट वेगळी.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरात काहीतरी कुरबूर झाली. लढाईची गोष्ट तो कधीतरी सांगायचा, तशी सांगत असताना मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, खरंच जखमी झाला असतात तर सरकारने काहीतरी दिलं असतं ना? पाय काय, कारखान्यातही मोडतो." मारुती ताटावरून उठला नाही, पण त्यानंतर ती गोष्ट त्याने घरात पुन्हा काढली नाही. हे मला वैशालीने सांगितलं. खराडीला आयटी कंपनीत काम करणारी ही मुलगी भलतीच चिवट. तिने सासऱ्याच्या सेवेची नोंद मागवली. त्यात जखम नाही, पदक नाही. दुरुस्तीसाठी अर्ज केला, तर उत्तर आलं, त्या वेळचा पुरावा द्या किंवा त्या वेळच्या कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र द्या. दवाखान्याचे जुने कागद कुठे सापडेनात. मग ती कात्रजहून स्कूटर घेऊन माझ्याकडे आली.

"काका, तुम्हीच क्लार्क होतात ना तिथे? तुमच्याकडे काही तरी असेलच. बाबा म्हणाले, सदतीसकडं कागूद असतोच."

कागद होता. कच्ची यादीही होती आणि कार्बन कॉपीही, दोन्ही एकाच पाकिटात, कपाटाच्या वरच्या खणात. मी म्हणालो, "बघतो." पुण्यात 'बघतो' म्हणजे काय, ते तिला ठाऊक असावं, पण ती तीन महिने दर पंधरवड्याला येत राहिली. येताना कधी थालीपीठ, कधी बाबांनी पाठवलेला शेवगा. मी प्रत्येक वेळी नवीन कारण दिलं. डोळ्याचं ऑपरेशन, पाहुणे, कपाटाची किल्ली. त्या मुलीचाही मला हेवा वाटे. माझ्यासाठी असं कुणी दारोदार फिरलं नसतं.

मग त्याच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. मी इस्पितळात गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता, केवढासा झाला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"सदतीस, लिवलंस का रं त्ये?"

मी सगळं सांगितलं. बोटांची सवय, कार्बन कॉपी, मशीनमधून काढलेला कागद. आईचं पत्रसुद्धा सांगितलं. तो खिडकीकडे बघत ऐकत होता.

"म्हायती हाय मला," तो म्हणाला. "आर्डर बोर्डावर लावली व्हती की. वाचाय येत व्हतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, करशील तू नीट. मंग न्हाई केलंस." त्याला दम लागत होता. "मंग म्हनलं, ऱ्हाऊ दे. माज्याकडं पाय व्हता दावायला. तुज्याकडं काय व्हतं?"

मला राग आला. खरंच सांगतो, त्या खुर्चीत बसून, त्या माणसासमोर, मला राग आला. पन्नास वर्षं मी एक गोष्ट चोरून आणली म्हणून मनातून जळत होतो, आणि यानं ती मला दिलेली होती! चोरीसुद्धा माझी राहू दिली नाही.

"आणि आता कशाला हवंय?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"पोरगं इचारतंय," तो म्हणाला. "माज्यासाटी न्हाई. मी खोटं बोललो असं मनात घिऊन त्यानं जगू ने."

प्रतिज्ञापत्र मी त्याच दिवशी लिहिलं. वकिलाने मसुदा दिला होता, त्यात 'अनवधानाने' असा शब्द होता. तो मी खोडला. चूक अनवधानाने झाली, ती लक्षात आल्यावर मी जाणूनबुजून सुधारली नाही, असं लिहिलं. माझ्या नोंदीतून ते पदक वगळावं, तेही लिहिलं. आता घरी सांगणं आलं. आमच्या हॉलमध्ये पदकांची पट्टी काचेच्या चौकटीत लावलेली आहे, मुलीने हौसेने करून घेतलेली. हिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. ही मटार सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "अहो, मला शंका होतीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती जखम मला अजून सापडलेली नाही." मग शेंगा बाजूला ठेवून हात पुसले आणि चौकट उघडायला तिनेच मला मदत केली. पदक मी पाकिटात घालून प्रतिज्ञापत्रासोबत पाठवलं.

दुरुस्तीचं पत्र यायला आठ महिने लागले. ते आलं तेव्हा मारुती घरीच होता, पलंगावर. वैशालीने मला बोलावून घेतलं. पत्र मुलाने वाचलं. सरकारी पत्राला वाचून दाखवण्यासारखं काय असतं... नंबर, हुद्दा, नाव, अमुक मोहिमेत जखमी, अमुक पदकाची नोंद घेण्यात येत आहे. नंबर वाचताना शेवटी अडतीस आलं आणि तो मुलगा, पन्नाशीचा बाप्या, पुढचं वाचू शकला नाही. पत्र बाजूला ठेवून त्याने बापाच्या डाव्या मांडीवर, धोतरावरूनच, हात ठेवला. मी दाराशी उभा होतो. मला मुलगा नाही, पण असता तरी त्याने हात ठेवावा अशी जागा माझ्या अंगावर कुठे होती, हा विचार मनात येऊन गेला. मी चप्पल घालून निघालो तर पलंगावरून आवाज आला, "सदतीस, च्या न घेता चाललास?"

त्यानंतर अकरा दिवसांनी तो गेला. पदक त्याच्यामागून आलं. कोणतं पदक कुठे लावायचं याचा क्रम ठरलेला असतो आणि तो या मंडळींना माहीत नव्हता, म्हणून वैशालीने त्याची पट्टी माझ्याकडे आणून दिली. मी ती बसवून दिली. तीन झाली. ती आता कात्रजला, त्याच्या फोटोखाली आहे.

माझ्या चौकटीत दोन राहिली. तिसऱ्याच्या जागी आतलं मखमली कापड गडद निळं आहे. बाकीचं उन्हाने विटलं, तेवढंच झाकलेलं राहिलं होतं. ही म्हणाली, दोन्ही सरकवून मध्ये घेऊ, दिसणार नाही. मी नको म्हणालो. येणारा-जाणारा त्या निळ्या तुकड्याकडे बोट दाखवून विचारतोच, "इथे काय होतं?" मी सांगतो, अडतीसचं पदक होतं. हे सांगायला सुरुवात केली की मला वाटतं, या वेळी तरी माणूस विचारेल, मग तुम्ही एवढं लिहून दिलंत कसं, हातातलं सोडवलं कसं तुम्हाला? आजवर कुणी विचारलेलं नाही. चहा होतो, दुसरा चहा होतो, आणि ते त्याच्याबद्दलच विचारत राहतात.