दोन सूत कमी

फूटमिस्त्रींचं खरं नाव बँकेला आणि बायकोला सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचंही काही अडलं नाही. माणूस सुतारकामात पक्का, जिभेचा तिखट, आणि त्यांच्या डाव्या हातावर, बाहेरच्या बाजूला, मनगटाच्या हाडापासून कोपर ओलांडून वरपर्यंत बारा इंचांची फूटपट्टी गोंदलेली. रेघा काळ्या, आकडे काळे. फक्त शेवटचा बाराचा आकडा हिरवा, तोही हौसेखातर.

हे उद्योग तेविसाव्या वर्षाचे. एका आठवड्यात तीनदा टेप हरवला म्हणून उस्तादांनी चारचौघांत झापलं, तर हे पठ्ठे संध्याकाळी गोंदवूनच आले. "टेप हरवतो, हात कुठे हरवतो?" असं वर ऐकवलं.

पण देव जेव्हा अक्कल वाटत होता, तेव्हा मिस्त्री बहुतेक टेप शोधत होते. गोंदणाऱ्याने त्यांना हात वाकवून टेबलावर ठेवायला सांगितला, कारण वाकलेल्या कोपरावर कातडी ताणून बसते आणि रेघ सरळ येते. मिस्त्रींनी स्वतः स्टीलची पट्टी लावून बारा इंच तपासून घेतले. अगदी बरोबर होते. काम झालं, मिस्त्री उठले, हात सरळ केला आणि कोपराची कातडी सैल पडून गोळा झाली. हात सरळ असताना तो फूट दोन सूत कमी भरायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच.

मिस्त्रींना हे दोन दिवसांतच कळलं होतं. सांगितलं का कुणाला? नाव नको. तीस वर्षं त्यांनी त्याच फुटाने कपाटं केली, पलंग केले, टेबलं केली, आणि सगळं छान बसलं, कारण दार, चौकट, फळ्या, खण सगळं एकाच हाताने मापलेलं. घरातले सगळे मिळून एकच थाप मारत असले की ती पकडायची कुणी? एखाद्या गिऱ्हाइकाने टेप लावून शंका काढलीच, तर मिस्त्री म्हणायचे, "तुमचा टेप ताणला गेलाय साहेब."

मग त्यांची लेक शिकून परत आली. फर्निचरचं डिझाइन शिकली होती, आणि येताना कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन घेऊन आली. बापलेकींनी मिळून पहिलं काम घेतलं ते एका कचेरीच्या काउंटरचं. चौकटी लेकीच्या मशीनवर, खण बापाच्या हाताने. सहाच्या सहा खण चौकटीत खुळखुळ वाजू लागले.

लेकीने टेप काढला. "बाबा, हात सरळ करा."

मिस्त्रींनी हात सरळ केला आणि छताकडे पाहिलं.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

मिस्त्री छतच बघत राहिले.

लेक चिडली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. ती शांतपणे म्हणाली, "सव्वा वर्षाने शाळेच्या लायब्ररीचं काम आहे. चाळीस कपाटं. चौकटी माझ्या, फळ्या तुमच्या. मैत्रीण तिच्या कारखान्यात बोलावतेय, कधीही ये म्हणते. मला जायचं नाहीये बाबा. पण दोन वेगवेगळ्या फुटांवर एक दुकान नाही चालत. लायब्ररीत असंच झालं, तर मी जाईन."

त्या दिवसापासून मिस्त्रींना सुतकी कळा आली. लेक दुकानात असताना त्यांना किती बरं वाटतं, हे त्यांनी तिला एकदाही सांगितलेलं नव्हतं, आणि आता सांगावं तर ती लाच वाटली असती. त्यांनी पूर्ण बाहीचा शर्ट घालून पाहिला. दुसऱ्या दिवशी बाह्या कोपराच्या वर. बायकोने जुन्या मोज्याची नळी करून हातावर चढवली, तीही दुपारपर्यंत खिशात गेली. टेप कमरेला लटकत असायचा, पण हात आपोआप फळीवर जायचा आणि नजर आपोआप हिरव्या बारावर. शेवटी मिस्त्रींनी जाहीर केलं, "काढूनच टाकतो. रंधा मारल्यासारखं एकदाच!"

लेसरच्या दवाखान्यात जायच्या दिवशी ते पहाटेच तयार होऊन बसले. बायको म्हणाली, "लग्नाच्या दिवशी उठवायला तीन माणसं लागली होती यांना."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं तोलूनमापून. त्यांनी हाताचे फोटो काढले आणि म्हणाल्या, "हे एका दिवसात होणार नाही, काका. सात-आठ वेळा यावं लागेल. दोन वेळांमध्ये दोन-दोन महिने."

"दोन महिने कशाला? मी उद्या मोकळाच आहे."

"मी शाई फक्त फोडते. बारीक चुरा करते. तो चुरा उचलून न्यायचं काम तुमचं शरीर करतं, आणि ते सावकाश करतं."

मिस्त्रींचे डोळे चमकले. "म्हणजे करवत तुमची, आणि भुसा माझा मी झाडायचा!"

"अगदी तसंच," बाई हसल्या. "काळा रंग लवकर ऐकतो. हा हिरवा मात्र हट्टी आहे, त्याला वेगळा लेसर लागेल. आणि पूर्ण जाईलच असं वचन देत नाही. पुसट सावली राहू शकते."

नेमका तोच हिरवा बारा, जिथे तीस वर्षं फूट संपत होता! पण मिस्त्री इतके हुरळले होते की हे वाक्य त्यांच्या कानांवरूनच गेलं.

आधी बधिर करायचं मलम लावलं. डोळ्यांवर जाड गॉगल चढवला. मग टक् टक् आवाज सुरू झाला, आणि दर टक्‌ला कुणीतरी रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका. मधूनच केस जळल्याचा वास. मलम असूनही मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण काही मिनिटांतच बाई म्हणाल्या, "झालं. बघा." मिस्त्रींनी गॉगल काढला. पट्टी गायब! तिच्या जागी हातभर पांढरंशुभ्र, पीठ भुरभुरल्यासारखं.

"गेली! अहो, एकाच फटक्यात गेली!"

"काका, थांबा, ते पांढरं म्हणजे..."

पण काका थांबतायत कसले! पट्टी बांधून घेतली, सूचनांचा कागद खिशात कोंबला, आणि रस्त्यातूनच बायकोला फोन केला. चौकातल्या पानवाल्याला सांगितलं, शिंप्याला सांगितलं, ओळख नसलेल्या एका पोस्टमनलासुद्धा सांगितलं. घरी येऊन दारातच पट्टी सोडली आणि बायकोसमोर हात धरला. "हातच्या काकणाला आरसा कशाला? बघ!"

बायकोने पाहिलं. एक, दोन, तीन, चार... बारा. सगळे आकडे जागच्या जागी, उलट जरा फुगून जास्तच ठळक. पांढरं होतं ती फक्त कातडीतली वाफ. अर्ध्या तासात ती विरते, आणि कागदावर पहिल्याच ओळीत तसं लिहिलेलं होतं. बायको हसून हसून खाली बसली. लेकही हसली. त्या काउंटरच्या कामानंतर पहिल्यांदाच ती त्यांच्याकडे बघून हसली होती, म्हणून मिस्त्रींनी स्वतःची फजिती बिनतक्रार गिळली.

दुसऱ्या दिवशी हातावर फोड आले. फोडायचे नाहीत, खाजवायचं नाही, उन्हात जायचं नाही, भुसा लागू द्यायचा नाही. आठवडाभर मिस्त्री दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि लेकीला सल्ले देत राहिले. तिने ते सहन केले. दुसऱ्या आठवड्यात खपल्या पडल्या. पहिल्या महिन्यात हातावर काही म्हणजे काही फरक नव्हता. आणि मग एका सकाळी दाढी करताना त्यांना दिसलं की अर्ध्या इंचाच्या बारीक रेघा विटक्या करड्या झाल्यात.

"भुसा निघायला लागला!" ते न्हाणीतूनच ओरडले.

त्यानंतर दर दोन महिन्यांनी हाच सोहळा. दुसऱ्या वेळेला बारीक रेघा गेल्या. तिसऱ्या वेळेला तीन आणि सात पुसट झाले. सूचनांचा कागद एव्हाना त्यांना तोंडपाठ होता. "आज पाच गेला," ते गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि गिऱ्हाइकं बिचारी घरातलं कुणी गेलं की काय म्हणून दचकायची. लेकीने दुकानातल्या भिंतीवर बारा आकडे लिहून ठेवले होते. एकेक गेला की ती त्यावर काट मारायची. सहाव्या वेळेनंतर अकरा आकड्यांवर काट पडली. उरला फक्त हिरवा बारा.

तो गेला नाही. सातव्या वेळेला फिका झाला, एवढंच. आठव्या वेळेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता थांबू या. यापुढे केलं तर कातडीवर डाग पडेल." आणि लायब्ररीचं काम सोमवारी सुरू होणार होतं. मिस्त्री घरी येऊन हात निरखत बसले. नीट पाहिलं तरच दिसणारी ती हिरवट सावली, पण त्यांना ती मैलावरून दिसली असती.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," बायको म्हणाली, आणि त्यांचा चेहरा पाहून लगेच वर म्हणाली, "सुंभाचं म्हणतेय. तुमचं नाही."

सोमवारी मिस्त्रींनी टेप कमरेला नाही, हातात धरला. फळी मांडली. हात फळीवर जाऊ लागला. त्यांनी तो मागे घेतला. पुन्हा गेला, पुन्हा घेतला. टेप लावला, खूण केली, पुन्हा टेप लावला. एका कपाटाच्या पाच फळ्यांना त्यांना अख्खी सकाळ लागली आणि कपाळ घामाने डबडबलं. लेक चौकट घेऊन आली. पहिली फळी तिने खाचेत धरली आणि ढकलली.

फळी आत गेली. आवाज नाही, खडखड नाही. लेकीने कडेच्या फटीत कागद घालून पाहिला. कागद शिरेना. दुसरी बसली. तिसरी बसली. पाचवी बसली तेव्हा मिस्त्रींनी टेप हवेत फेकला, आणि तो शेजारच्या वखारीच्या पत्र्यावर जाऊन अडकला.

"हरवला बघा पुन्हा!" लेक ओरडली, आणि बापाच्या गळ्यातच पडली. दुपारी तिने मैत्रिणीला फोन करून येत नसल्याचं कळवलं. मिस्त्री शेजारीच उभे राहून, काही ऐकू येत नसल्यासारखं दाखवत होते.

चाळीस कपाटं संपली त्या दिवशी लेकीने त्यांच्यापुढे एक फळी ठेवली. "आता माझं एक काम. मला दुकानात बसायला टेबल हवंय. लहानपणी अभ्यासाला तुम्ही केलं होतं ना, तसं. बाहेरच्या सगळ्या टेबलांवर माझे खांदे वर उचलले जातात. इतकी वर्षं का ते कळत नव्हतं. परवा मापून पाहिलं तेव्हा कळलं. माझं टेबल तुमच्या फुटाचं आहे."

मिस्त्रींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "तो फूट आता कुठाय? पुसला की."

"टेप नाही घ्यायचा," ती म्हणाली. "अडीच फूट उंची. काढा."

मिस्त्रींनी डोळे मिटले. डावा हात सरळ फळीवर ठेवला, उजव्या हाताने पेन्सिल टेकवली, हात पुढे सरकवला, पुन्हा टेकवली. मग अर्धा हात. शेवटची खूण करून त्यांनी डोळे उघडले, पण फळीकडे बघायचा धीर झाला नाही. ते लेकीकडेच बघत राहिले.

तिने टेप लावला. वाकून पाहिलं. फुटाला दोन सूत, अडीच फुटाला पाच.

"पाच सूत कमी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "बरोब्बर पाच."