रऊफ पिंजाऱ्यानं बिडी सोडली

आमच्या बार्शीटाकळीत गादी भरावी तं रऊफ पिंजाऱ्यानंच. पण त्याची बिडी, बाप्पा! कापसाजवळ काडी पेटवायची नाही म्हणून हा रस्ता ओलांडून माह्या ओसरीवर येऊन बसे. कापूस त्याचा वाचे, धूर माह्या घरात. मी ओरडली, "रऊफभाई, तुळस वाळली माही!" की म्हणे, "जमुनाबाई, तिले पानी घाला ना, मले काहून बोलता?"

त्याची लेक निखत अमरावतीले दिली. पहिल्या बाळंतपणाले ती माहेरी येणार म्हणून त्याच्या बायकोनं, बिल्कीसभाभीनं, खोली सारवून ठेवली. तं पोरीचा फोन आला, "अब्बा, बिडी सोडा, मंगच येईन. नाही तं सासूजवळच बाळंतीण होईन." लोकं काय म्हणतील ते राहू द्या, त्याले पोरीबिगर करमतच नव्हतं. "सोडली!" म्हणून त्यानं फोनवरच सांगून टाकलं.

ओसरी ओस पडली. माणूस दिवसभर बडीशेप चावे अन् गिऱ्हाइकावर खेकसे. तसंही त्या साली कापसाले भाव नव्हता, शेतकऱ्याजवळ पैसा नव्हता, म्हणून नवी गादी कोणी भरत नव्हतं, जुनीच पिंजून घ्यायचे. माही गादी, शेजारच्या डोमाजीची गादी अन् निखतच्या बाळाची नवी गादुली, तिन्ही त्यानं एकाच दिवशी शिवल्या. पोरगी यायची होती, पण बापाले धीर कुठला; भेटाले आलेल्या जावयासोबत गादुली पुढंच अमरावतीले धाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हा दाभण घेऊन दारात. "टाका कच्चा राहिला, जमुनाबाई." गादी उसवली, खांद्यापर्यंत हात घालून चाचपली, परत शिवली. मंग डोमाजीकडे. तो बिचारा झोपेल होता, त्याले खाली उतरवून गादी उसवली!

"काय हरवलं वो?" मी दरडावलं, तवा बोलला. काल राहवलं नाही म्हणून बिडीचं बंडल अन् माचिस आणली. भाभी अचानक आली तं कापसात खुपसली, अन् तशीच भरून टाकली. "या अल्ला, बच्च्याच्या गादीत गेली!"

मले आधी हसू फुटलं. मंग त्याचं तोंड पाहून ध्यानात आलं. आता काही पोरगी येत नाही.

त्याच आठवड्यात निखत एसटीतून उतरली, काखेत गादुली. बापापुढं बंडल अन् माचिस धरली. "गादुली हाताले टोचून राहिली होती, म्हणून उसवली. अब्बा, याचा तं कागदबी फाडला नाही तुमी."

"तुही अम्मी आली नसती तं पेटवलीच असती, बेटा," तो रडकुंडीले येऊन बोलला. "दिवसभर खिशात घेऊन फिरलो."

पोरीनं डोळे पुसले अन् बंडल त्याच्याच हातात दिलं. "ठेवा. हे फुटलं की मी चालली."

यानं ते आपल्या उशीत घातलं अन् बारीक टाक्यानं शिवून टाकलं. माचिस भाभीनं चुलीले नेली.

नात आता चालून राहिली. दुपारी नाना-नात त्याच उशीवर झोपतात. मी म्हटलं, "रऊफभाई, फेका ना ते बंडल आता."

"काहून फेकू?" माह्यावरच डाफरला. "त्यानंच तं पोरगी घरी आणली."