वरच्या मजल्यावरच्या भाकऱ्या

जीएसटी नंबर काढायचं ठरलं आणि सासऱ्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. मला वाटलं, वयाचं असेल. आमचं घर रोडपालीजवळ, गावठाणाला चिकटून. नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. कंबरेनं दगा दिला आणि तो घरी बसला. मग मी तांदळाच्या भाकऱ्या करून विकायला लागले. तळोज्याच्या एका कंपनीतल्या कँटीनवाल्यानं रोजची ऑर्डर देऊ केली. अट एकच, पक्कं बिल हवं, म्हणजे नंबर हवा.

पनवेलच्या अकाउंटंटनं कागद सांगितले. पॅन, आधार, फोटो. आणि घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून लाइटबिलासोबत त्यांचं संमतिपत्र. "धंदा नेमका कुठे करता?" त्यानं विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "वरच्या मजल्यावर. मोठा हॉल आहे." त्यानं तसं टाइप केलं. शिकलेली सून ना मी! खरं सांगायला काय घाबरायचं?

संमतिपत्र बघून सासरे उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यांच्या बापानं कधीकाळी भूसंपादनाच्या एका कागदावर अंगठा दिला आणि शेत गेलं, मिठागर गेलं; उरली घराखालची जागा. पोरांची लग्नं झाली, घर पुरेना, तेव्हा वर मजला चढवला. परवानगी कोण मागतो आणि कोण देतो? आजूबाजूला सगळ्यांचंच तसं. अशा घरांना इकडे 'गरजेपोटी बांधलेली' म्हणतात. राहती घरं तेवढी आज ना उद्या नियमित होतील, या आशेवर अख्खा गाव झोपतो.

"वरचा मजला कागदावं कशाला टाकलास, पोरी?" ते म्हणाले. "त्याचा नाव आजवर आमी कुठं काढला नाय."

माझं टाळकंच सरकलं. मजला काय लपून राहतोय का, बाबा, रस्त्यावरून दिसतो की, असं मी फाडकन बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कंबरेला पट्टा बांधून बसलेल्या मुलाकडे एकदा बघितलं, पेन मागितलं आणि सही केली.

मग तपासणीला एक साहेब आले. सभ्य माणूस. चहा घेतला, मोबाइलवर फोटो काढले. प्रत्येक फोटोखाली जागेचा ठावठिकाणा आपोआप उमटत होता. नंबर आला की बोर्ड लावा, नियम आहे, म्हणाले. जाता जाता जिन्यात थांबून वर बघत म्हणाले, "हा मजला नंतरचा वाटतो." साहेब हसले आणि गेले. त्या हसण्यात काहीच नसेल, पण ते हसणं माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

नंबर आला, बोर्ड लागला, भाकऱ्या तळोज्याला जायला लागल्या. अकाउंटंट रिटर्नची आठवण करून द्यायचा, मी वेळेत भरायचे. सासरे मात्र बोर्डाखालून मान खाली घालून जायचे. काही होत नाही हो, बाबा, असं एकदा म्हटलं खरं, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

गेल्या महिन्यात दोघं जण मोजायची टेप घेऊन गल्लीत आले. नंबरवाल्या खात्याशी यांचा संबंध नव्हता. हे नियमित करायची घरं मोजत होते. शेजारच्या दारात "राहतं, गरजेपोटी" असं मोठ्यानं म्हणत त्यांनी लिहून घेतलं. मला हायसं वाटलं. मग आमच्या दारात आले आणि त्यातल्या तरुणानं बोर्ड वाचला.

"वर काय चालतं?"

"भाकऱ्या," मी म्हणाले.

"कंपनीत जातात ना? मग हे गरजेपोटी नाही. धंद्यापोटी." आणि तो लिहायला लागला.

तेवढ्यात सासरे ओट्यावरून उठून त्याच्यासमोर उभे राहिले.

"ती धंदा कशापोटी करते, ता पन लिव," ते म्हणाले.

तरुणानं मान वर केली. त्यालाही वाईट वाटलं असावं.

"त्याला रकाना नाही, आजोबा," तो म्हणाला, आणि टेप घेऊन जिना चढायला लागला.