बाळारामदादाच्या गाडीचा ॲव्हरेज

“लिटरमागे एक किलोमीटर कोण खातंय, मॅडम? गाडी खाते का ड्रायव्हर खातो, एवढंच मला सांगा.”

नाईक साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. नाईक साहेब म्हणजे आमचे ऑपरेशन्स मॅनेजर. मानकोलीच्या गोडाऊनवर वरच्या मजल्याला त्यांची काचेची केबिन आहे. तिथून खालचा, माल चढवायचा डॉक दिसतो. आमचा ड्रायव्हर बाळारामदादा तिथे आपल्या गाडीची काच पुसत उभा होता. वर काय चाललंय ते त्याला ठाऊक होतं, कारण स्वच्छ काच तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

मी या कंपनीत फ्लीट मेंटेनन्स बघते. म्हणजे गाड्यांची तब्येत. गाडी कुठे जाते, काय माल नेते, हे नाईक साहेबांचं खातं. ती का खोकते, किती पिते, हे माझं.

आधी आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. ट्रान्सपोर्टमध्ये प्रत्येक गाडीचा ॲव्हरेज बांधलेला असतो. एका लिटरमध्ये तिने किती किलोमीटर जायचं, हे कंपनी ठरवते. तेवढं ड्रायव्हरने काढून द्यायचं. दिलं तर कोणी विचारत नाही. कमी पडलं तर पहिला प्रश्न एकच असतो: तेल कुठे विकलंस? गाडीत बिघाड असेल, रस्ता खोदलेला असेल, हे प्रश्न नंतर येतात. बरेचदा येतही नाहीत.

बाळारामदादाची गाडी म्हणजे जुना, पेट्रोलवर चालणारा ‘छोटा हत्ती’ टेम्पो. आमच्या बाकीच्या गाड्या बहुतेक डिझेल आणि सीएनजी. पेट्रोलवरच्या मोजक्याच उरल्यात, त्यातली रोज धावणारी ही एकच. तिचा ॲव्हरेज सोळा बांधलेला. वर्षानुवर्षं तिने सोळा दिला आणि मग घसरत घसरत पंधरावर आली. डिझेलच्या गाड्या जागच्या जागी होत्या. त्यामुळे तीच डोळ्यावर आली.

मला कारण माहीत होतं. कुणालाही माहीत असायला हवं होतं. पंपावरचं पेट्रोल बदललं होतं. पूर्वी त्यात दहा टक्के इथेनॉल असायचं, आता वीस टक्के असतं. इथेनॉल म्हणजे उसापासून, धान्यापासून काढलेलं अल्कोहोल. ते जळतं छान, पण तेवढ्याच लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद साधारण एक तृतीयांश कमी. पेट्रोलमध्ये ते वाढलं की ॲव्हरेज थोडा पडणारच. त्यात ही गाडी जुनी, दहा टक्क्यांच्या हिशोबाने बनवलेली.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “हे मी पण मोबाइलवर वाचलंय. कोण म्हणतं फरक पडतो, कोण म्हणतं पडत नाही. मला वरती उत्तर द्यायचंय. सिद्ध करून दाखवा.”

“दाखवते,” मी म्हणाले.

माझा स्वभाव जरा असाच आहे. कोणी ‘सिद्ध करा’ म्हटलं की मला झोंबतं.

बाळारामदादा शेलार गावचा. पन्नाशीचा, बोलायला कमी. गावच्याच आणखी काही मुलांना त्याने आमच्याकडे लोडिंगला लावून दिलं होतं. गावदेवीच्या दानपेटीची चावी गावाने त्याच्याकडे ठेवलेली. ती त्याच्या कमरेच्या करगोट्याला असायची, गाडीची किल्ली खिशात आणि ही चावी करगोट्याला. पेट्रोलचोर म्हणून त्याला काढलं असतं तर नोकरीचं एक वेळ निभलं असतं. पण गावची पोरं संध्याकाळी घरी जाणार, आणि त्यांच्या आधी बातमी जाणार.

खाली जाऊन मी त्याला सगळं समजावलं. म्हटलं, “दादा, आपण गाडी तीन प्रकारच्या पेट्रोलवर चालवून बघू. एक बिनइथेनॉलचं, ते महागडं, गाड्यांचे शौकीन भरतात ते. दुसरं आपलं नेहमीचं पंपावरचं. आणि तिसरं या दोघांचं निम्मंनिम्मं, म्हणजे पूर्वीच्यासारखं दहा टक्क्यांचं होईल.”

“आनि मंग?”

“मग दिसेल की नेहमीचं पेट्रोल हलकं आहे. त्यावर ॲव्हरेज कमी येतो, तुमचा काही दोष नाही.”

“हलकं हाय?” त्याने टाकीकडे बघितलं. “कोनी बोललाच न्हाय.”

टेस्टची पद्धत सोपी असते. टाकी काठोकाठ भरायची. गाडी नेहमीच्या रूटवर, नेहमीच्या मालासकट चालवायची. मग त्याच पंपावर, त्याच नोझलने परत काठोकाठ भरायची. जितकं पेट्रोल लागलं तितकं गाडी प्यायली. किलोमीटरला त्याने भागलं की ॲव्हरेज. प्रत्येक वेळी पेट्रोल बदलताना मी टाकी रिकामी करून घेतली. काचेच्या नळीत पेट्रोल आणि पाणी हलवून इथेनॉल किती ते पाहिलं; इथेनॉल पाण्यात उतरतं, पाण्याचा थर फुगतो, त्यावरून अंदाज येतो. झाकणाला तारेचं सील लावलं, म्हणजे मध्ये कोणी काढलं अशी शंका नको. टायरची हवा मी स्वतः तपासत होते. ड्रायव्हर तोच ठेवायचा, ही नाईक साहेबांची अट. मलाही ती पटली. माणूस बदलला की सबब मिळते.

रूटही रोजचाच. मानकोलीहून माल भरून पुलावरून निजामपुरा, तिथल्या बाजारातली दुकानं, मग शेलारच्या बाजूचे डिलिव्हरी पॉइंट आणि रिकामी परत.

बिनइथेनॉलवर ॲव्हरेज साडेसोळा आला. मला हवा तसा. मिश्रणावर सोळा. मी मनातल्या मनात साहेबांसमोर भाषणसुद्धा तयार केलं. मग नेहमीच्या पेट्रोलची फेरी सुरू झाली. पंपावर टाकी भरून आकडा काढला, आणि परत काढला.

सोळाच्या वर. मिश्रणापेक्षाही जास्त.

असं होत नाही. कमी ताकदीच्या पेट्रोलवर गाडी जास्त पळत नाही. मी सील पाहिलं, नळी पाहिली, मीटर पाहिला. सगळं जागेवर होतं. एक फेरी अजून करायला लावली, आकडा तोच. बाळारामदादा मात्र बऱ्याच दिवसांनी हसत होता.

“आला ना सोला, ताई?”

नाईक साहेबांना मी आकडे दिले. लपवून उपयोग नव्हता, पंपाची बिलं त्यांच्याकडे होतीच. त्यांनी पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकले.

“म्हणजे बघा, मॅडम. झाकणाला सील लावलं की गाडी सोळा देते. सील नव्हतं तेव्हा पंधरा देत होती. आता तुम्हीच सांगा.”

करायला गेले एक आणि झालं भलतंच. ज्याला वाचवायला ही टेस्ट काढली, त्याच्याच गळ्यात मी पुरावा बांधला होता. एवढंच म्हणाले, “सर, हा आकडा चुकीचा आहे. मला एक फेरी त्याच्या शेजारी बसून करू द्या.”

“करा. पण नंतर विषय संपला.”

मी गाडीत त्याच्या शेजारी बसले. बाळारामदादाने गाडी काढली. पुलाच्या चढाला अगदी हलक्या पायाने चढवली. माथ्यावर पोचलो आणि त्याने न्यूट्रल टाकला, किल्ली एक खूण मागे फिरवली.

इंजिन बंद. भरलेली गाडी उतारावरून नुसत्या वजनाने खाली निघाली. टायरचा आवाज ऐकू येत होता, मागच्या ट्रेलरचा हॉर्न ऐकू येत होता, आमच्या गाडीचा आवाज तेवढा नव्हता. खाली समोर रिक्षा थांबली तेव्हा त्याने ब्रेकवर जवळजवळ उभं राहून गाडी थांबवली. ब्रेकला इंजिनची मदत असते. इंजिन बंद केलं की एक-दोन दाबांत ती संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

“दादा, हे काय?”

“थांबा, अजून बगा,” तो उत्साहाने म्हणाला.

पुढचा सगळा रस्ता तो तसाच आला. जिथे उतार तिथे इंजिन बंद. परतीला गाडी रिकामी होती आणि निजामपुऱ्यात ट्रॅफिक तुंबलेलं. तिथे तर तो खाली उतरला. एक हात स्टेअरिंगवर, खांदा दरवाज्याच्या चौकटीला, आणि गाडी ढकलत ढकलत पुढे सरकवायला लागला. लूमचं सूत वाहणारे हातगाडीवाले बघत होते. एकजण ओरडला, “चचा, बैल बाँध लो!” बाळारामदादाने लक्ष दिलं नाही. पन्नाशीचा माणूस, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

“बाकीच्या पेट्रोलवर पण असंच चालवलंत?”

“न्हाय. ते चांगलं पेट्रोल, ते आपलं देनारच. त्याला कशाला जपायचं?” त्याने घाम पुसला. “तुमीच सांगितलंत ना, यो हलका हाय. मी बोललो, हलक्यावर सोला काढून दाखवला तं साहेबाचं तोंड बंद.”

पोरांच्या शाळेत हुशार मुलाला नुसता पेपर आणि ढ मुलाला सोबत गाईड दिल्यावर जे होईल, तेच माझ्या टेस्टचं झालं होतं. मी पेट्रोलची परीक्षा घेत होते, आणि तो समजत होता त्याची परीक्षा आहे. खरं तर त्याचंच बरोबर होतं.

मी धावत नाईक साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. चोरी नाही, हा माणूस उलट गाडी खांद्यावर घेऊन चालवतोय. उतारावर इंजिन बंद करतोय, म्हणून आकडा वाढला.

ते नीट ऐकत होते. “हे तुम्ही लेखी द्याल?”

“आत्ता देते.”

दिलं. सविस्तर दिलं, कुठल्या पुलावर, कुठल्या वळणावर, सगळं. नाईक साहेबांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, “चोर नाही. मान्य. पण मॅडम, भरलेली गाडी पुलावरून इंजिन बंद करून? क्लायंटच्या सेफ्टीच्या नियमात हे बसत नाही. यावर दुसरी संधी नाही, तुम्हाला माहीत आहे. उद्या त्याने कुणाला उडवलं तर हा कागद माझ्या फाइलला आहे.”

“सर, तो घाबरून करत होता. आपण त्याला घाबरवलं.”

“असेल. गाडीखाली मरणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?”

साहेब दुष्ट नव्हते, बरोबर होते, हेच वाईट होतं.

बाळारामदादाला त्या आठवड्यातच काढलं. आगीतून फुफाट्यात. कागदावर कारण ‘सेफ्टी’ लिहिलं होतं. पण कागद गावात जात नाही, गावात जातो शब्द. लोडिंगच्या पोरांनी इतकंच ऐकलं होतं की पेट्रोलची काहीतरी भानगड होती, टाकीला सील लावलं होतं, मॅडमनी पकडलं.

त्याच्या जागी आलेल्या ड्रायव्हरला मी काहीच सांगितलं नाही. नेहमीच्या पेट्रोलवर गाडी निमूट चालवायला दिली. पंधरा आला. मी नाईक साहेबांच्या मागे लागून पेट्रोलच्या गाड्यांचा ॲव्हरेज नव्याने बांधून घेतला. गेटजवळ नोटीस लागली: पंधरा.

त्या नोटिसीची एक प्रत घेऊन मी शेलारला गेले. बाळारामदादा ओटीवर बसला होता. मी कागद दिला. त्याने लांब धरून वाचला.

“पंधरा,” तो म्हणाला. “मी पंधराच देत व्हतो ना, ताई?”

“हो.”

“मंग गप चालवला असता तं झाला असता.”

मी मान हलवली. त्याची बायको चहा घेऊन आली, कप ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी त्याच्या कमरेकडे बघितलं. करगोट्याला चावी नव्हती.

“कोणी मागितली?”

“कोन मागनार? मीच दिली. उद्या पेटीत कमी निंगालं तं मी कुनाकुनाला टेस्ट देऊ?”

निघताना मी म्हटलं, देवळात सगळ्यांसमोर सांगू का, की चोरी नव्हती? तो नको म्हणाला. तुमी सांगायला लागलात की लोकं बोलतील, कायतरी व्हतं म्हनून मॅडम आली.

इथेनॉल वाढलं की ॲव्हरेज पडतो, हे आता आमच्याकडे सगळे मान्य करतात. ते शिकायला टेस्टची गरज नव्हती. मी शिकले ते वेगळंच. घाबरलेल्या माणसाच्या हातात गाडी दिली की आकडा गाडीचा येत नाही, भीतीचा येतो. आता टेस्टच्या वेळी मी ड्रायव्हर बसवत नाही, स्वतः चालवते. जो येईल तो आकडा लिहिते. पुलाच्या उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवते, आणि तिथे आलं की दर वेळी माझा हात एकदा किल्लीकडे जातो.