बाण वाकवून बघणारा

नवरा गेल्यावर एकटीचे रविवार सरेनात, म्हणून त्याने शिकायला आणलेलं शिकारीचं धनुष्य मीच चालवायचं ठरवलं. सोबतचे त्याचे बाण दाखवायला इथल्या, परदेशातल्या हॉर्नबी उपनगरातल्या तिरंदाजीच्या दुकानात गेले. तिथल्या म्हाताऱ्याने माप कसं घ्यायचं ते दाखवायला एक बाण स्वतःच्या छातीला टेकवून दोन्ही हात पुढे लांबवले. मीही तसंच केलं. बाण माझ्या बोटांच्या वीतभर पुढे गेला.

"नवऱ्याचे आहेत, तो आता नाही. कापून द्या ना," मी मोडक्या इंग्रजीत म्हणाले.

त्याने डोळे मिटून बाण जरासा वाकवला. "कापला की आणखी ताठ होईल. तुम्ही दोरी कमी ओढणार, मग तो बाजूला जाईल." मग हळूच म्हणाला, "हे त्यांचेच राहू देत."

माझ्या मापाचे सहा लवचीक लाकडी बाण घेऊन मी घरी आले. नवऱ्याचे बाण कपाटात परत ठेवले, आणि माझे त्यांच्या शेजारी.