चकाचकमामांचा खल

प्रयोगशाळेत त्यांना सगळे चकाचकमामा म्हणत. एकवीस वर्षं एकच काम: रोपांची वाळलेली देठं पांढऱ्या क्षारात खलायची, दाबयंत्रात काचेसारखी चकती पाडायची आणि अवरक्त किरणांच्या यंत्रात बसवायची. किरण जिथे शोषले जातात, तिथे पडद्यावरच्या रेघेला खड्डे पडतात. त्यांवरून पेशींच्या भिंती कशाच्या बनल्यात ते कळतं. मामा म्हणायचे, "माणसाच्या पोटातलं नाही सांगता येत, देठाच्या पोटातलं विचारा!"

त्यांची सख्खी भाची तिथेच संशोधन करी. तिची रोपं वीतभर वाढली की मान टाकायची. भिंतीला ताठ ठेवणारं सेल्युलोज कमी, हा तिचा अंदाज. यंत्र मात्र दर खेपेला ते भरपूर दाखवी. तीन वर्षं अशीच गेली. आता दुपारी मार्गदर्शक सरांपुढे हार कबूल करायची होती.

"मामा, शेवटचं एकदा. आधी नुसत्या क्षाराची चकती लावा."

ही चकती एरवी बाटलीतला क्षार थेट दाबून करत. आज भाचीचा निकाल, म्हणून मामांनी तोही खलात छान घोटला.

रेघ सपाट यायला हवी होती. तिला खड्डे पडले. तेच, सेल्युलोजचे!

"मामा, देठ घातलंत यात?"

"आईशप्पथ, काडीसुद्धा नाही गं!"

"खल कशानं पुसलात?"

"कशानं म्हणजे? नेहमीसारखा, कापसानं. घासूनपुसून लख्ख!"

"अहो मामा, कापूस म्हणजे निव्वळ सेल्युलोज! खरबरीत खलात तंतू अडकतात."

मामांनी खल पाण्यानं धुतला, भट्टीत वाळवला, पुन्हा देठ खललं. खड्डे निम्म्यावर आले. भाचीचं म्हणणं खरं ठरलं!

"सरांना सांगू, खल जुना झालाय," ती हळूच म्हणाली.

"मुक्या दगडावर आळ घेतेस?" कापसाची गुंडाळी घेऊन मामा स्वतःच सरांपुढे उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

सर कपाटातल्या जाडजूड वह्यांच्या रांगांकडे बघत पुटपुटले, "मामा… मग या एकवीस वर्षांच्या रेघा?"

हे मामांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्टूल न पुसताच त्यावर बसले.