पाळण्यातली नावाची जागा

आमच्या घरात मूल जन्माला आलं की बारशाच्या आधी अकोल्याहून ताईचा फोन यायचा. "नाव काय ठेवून राहिले, ते सांगा आधी." नाव कळलं की ती कामाला लागायची. भाजी निवडता निवडता, अंबाडी धुता धुता तिचा पाळणा, म्हणजे बारशाचं गाणं, बांधून व्हायचा. बारशाला ती यायची, पाळण्याची डोरी हातात घ्यायची आणि त्या बाळाचं नाव गुंफलेला, त्याच्याचसाठी बांधलेला पाळणा म्हणायची. माझ्या मुलाचा पाळणा तिनंच बांधला. माझ्या दिरांच्या, नणंदांच्या मुलांचे तिनंच बांधले. तिच्या शेजारी गाद्या भरण्याचं काम करणारं एक मुस्लिम कुटुंब आहे, त्यांच्या मुलीचाही तिनंच बांधला आणि तो निम्मा हिंदीत होता. यातलं एक अक्षर तिनं कधी लिहून ठेवलं नाही. कुणाचा पाळणा म्हणायचा म्हटलं की ती डोळे मिटायची, आणि तो सबंध आठवायचा.

गेल्या उन्हाळ्यात ताईच्या गळ्यावर गाठ दिसू लागली. थायरॉइडची होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की गाठ काढावी लागेल, जिवाला धोका नाही, पण आवाजाची नस अगदी लगत असते. कधी कधी आवाज बदलतो. पुष्कळदा परत येतो, पण तसाच्या तसा येईल याची खात्री देता येत नाही. ताईनं हे शांतपणे ऐकून घेतलं आणि ऑपरेशन पाऊस सुरू झाल्यावर ठेवा म्हणाली, कारण उन्हाळ्यात वाळवणं असतात.

मी अमरावतीला असते. शाळेत हिंदी शिकवायचे आणि प्रार्थनेला पेटी वाजवायचे. निवृत्त झाल्यावर मुलानं त्याचा जुना टॅबलेट मला देऊन टाकला. त्यात गाणं रेकॉर्ड करायचं एक ॲप होतं. मुलानं पुण्याला परत जायच्या आधी मला ते दाखवलं. एकाखाली एक पट्ट्या असतात, तो त्यांना ट्रॅक म्हणतो. एका पट्टीवर आवाज, दुसरीवर तंबोरा, तिसरीवर पेटी. सगळं वेगवेगळं रेकॉर्ड करायचं आणि एकत्र ऐकायचं. एखादी पट्टी नको असली तर ती गप्प करता येते. मला त्याचा नादच लागला. सकाळची भाजी फोडणीला टाकून मी कानाला हेडफोन लावायचे, आणि कितीदा तरी भाजी खाली लागायची.

ताईच्या गाठीचं कळलं तेव्हा मला पहिल्यांदा टॅबलेटच आठवला. मी फोन करून म्हटलं, की ताई, तुझे पाळणे मी टॅबलेटवर रेकॉर्ड करून घेते. ती एकदम चिडली.

"काहून? मी काई मरून नाई राहिली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी पुन्हा विषय काढला नाही. पण माझ्या सुनेला तेव्हा दिवस गेले होते. बाळ ऑपरेशननंतर होणार होतं. हे बहुधा ताईच्या मनात आपसूक जुळलं असावं, कारण काही दिवसांनी तिचाच फोन आला. आधी मिरच्या वाळल्या का, उडदाचे पापड किती झाले, असं बोलत राहिली. मग म्हणाली, "त्या लेकराचा पाळना कोन म्हनन? ये तुही ते पाटी घेऊन."

टॅबलेटला ती अजूनही पाटीच म्हणते.

मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेले. ताईच्या घरी ती आणि भाऊजी दोघंच असतात. भाऊजी वीज मंडळातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. बायकोच्या गाण्याबद्दल त्यांनी बरं किंवा वाईट असा एक शब्द आयुष्यात काढलेला मी ऐकला नव्हता. पाळणा सुरू झाला की ते उठून पान खायला जायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना कंटाळा येतो.

पहिला दिवस खोली लावण्यात गेला. उघड्या भिंतींवरून आवाज परत यायचा आणि रेकॉर्डिंग न्हाणीघरात केल्यासारखं वाटायचं. शेजारच्या बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी नव्या भरलेल्या गाद्या काढून दिल्या. "ले जाव, ले जाव. दिवारों को बी आराम मिलेगा," म्हणाल्या. आम्ही भिंतींना गाद्या टेकवून उभ्या केल्या. खोलीत सरकीचा, नव्या कापसाचा वास भरला. पंखा बंद करावा लागे, कारण त्याची घरघर माईकमध्ये यायची. अकोल्याचा उन्हाळा, बंद पंखा आणि चारी बाजूंनी कापूस. ताई पदरानं मान पुसायची आणि म्हणायची, "आमी दोघी आता उकडून निंगतो."

मी चुकत माकत शिकलेली. मुलानं सांगितलं होतं की आधी ठेका लावायचा, म्हणजे सगळ्या पट्ट्या जुळतात. म्हणून मी ताईच्या कानात टिकटिक सोडली. तंबोरा पेटीच्या काळी चारमध्ये लावला, तिच्या नेहमीच्या सुरात. ती सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीत थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा अडली. सगळे पाळणे पाठ असलेली माझी बहीण शब्द विसरायला लागली. घाबरून ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मलाही वाटलं, गाठीमुळे असेल का हे. मग तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हे घड्याळ काढ कानातून," ती म्हणाली. "अन् हाताले काई काम दे. हात चालला म्हंजे गळा चालते."

मी टिकटिक बंद केली. ओढणीचं एक टोक खाटेच्या पायाला बांधलं आणि दुसरं तिच्या हातात दिलं. ती ओढणी ओढू लागली, सोडू लागली, आणि गाणं त्याच्या मागोमाग यायला लागलं. मग कुठं अडलं नाही. एकेक करून तिनं सगळ्यांचे पाळणे म्हटले. मध्येच हसायची, कारण ज्याचा पाळणा चालू असे तो आता टक्कल पडलेला, पोट सुटलेला गृहस्थ झालेला असे.

माझ्या नातवंडाचा पाळणा तिनं शेवटी घेतला. बाळ जन्माला यायचं होतं, नाव ठरलेलं नव्हतं. कडव्याच्या शेवटी, जिथं सूर सगळ्यात वर चढतो, तिथं नाव यायचं. त्या ठिकाणी ताई नुसती थांबली. ओढणी ओढत राहिली, पण तोंडातून काही काढलं नाही, आणि मग पुढची ओळ उचलली. संपल्यावर मी विचारलं, की तिथं गुणगुणून का नाही घेतलंस? ती म्हणाली, "नाव आलं की मंग म्हनतो. जागा सोडून ठेवली."

टॅबलेटच्या पडद्यावर तिच्या आवाजाची लाट दिसत होती आणि त्या ठिकाणी ती सपाट झाली होती.

अमरावतीला परत येऊन मी एकेक पाळणा ऐकायला बसले. खोकले कापले, कुकरची शिटी काढली. एका पाळण्यात, माझ्या मुलाच्याच, ताईच्या आवाजामागून काहीतरी येत होतं. आधी वाटलं, पंखा चालू राहिला. मग आवाज वाढवून ऐकलं. बाहेरच्या खोलीतून कुणीतरी गुणगुणत होतं. किंचित मागून, जरा बेसूर, पण शब्द न चुकवता. घरात तिसरं माणूस एकच होतं. मी पुढचे पाळणे ऐकले. थोड्याफार फरकानं भाऊजी त्या सगळ्यांतच होते. ॲपमध्ये असले मागचे आवाज पुसायची सोय आहे, आणि ती मला येतही होती. मी ती वापरली नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ साधीच निघाली. पण ताईचा आवाज बसला होता. घोगरा, मध्येच तुटणारा. डॉक्टर म्हणाले, सध्या फार बोलू नका. मी भेटायला गेले तेव्हा ती पलंगावर बसली होती, गळ्याला पट्टी होती आणि भाऊजी शेजारच्या स्टुलावर तिच्यासाठी मोसंबी सोलत होते. मी काही न सांगता तिच्या कानाला हेडफोन लावला आणि माझ्या मुलाचा तो पाळणा सुरू केला.

आधी ती स्वतःचा आवाज ऐकत राहिली. चेहरा पडला, आणि मला वाटलं, आपण हे करायला नको होतं. मग तिच्या कपाळाला आठी आली. तिनं खूण करून तेच पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा ऐकलं. मग ती भाऊजींकडे बघायला लागली. ते मोसंबीच्या बिया काढण्यात गुंतले होते. तिनं हात धरून त्यांना जवळ ओढलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

भाऊजींनी ऐकलं. त्यांचे कान लाल झाले.

"हे कोन कण्हून राहिलं मांगून?" ते म्हणाले.

ताई हसली. आवाज न काढता, गळ्यावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. भाऊजी पुन्हा मोसंबीकडे वळले, आणि सोललेली फोड त्यांनी तिच्या तोंडात घातली.

नात झाली तेव्हा ताईचा आवाज थोडा परत आला होता. बोलणं समजायचं, पण वरचे सूर गेले होते. तिथं जायला बघितलं की नुसती हवा यायची. नाव ठरल्याचं मी तिला कळवलं तेव्हा फोनवर तिनं ते वरच्या सुरात म्हणून बघितलं, आणि हवाच आली. मी म्हटलं, काळजी करू नको, तू खाली म्हण, मी टॅबलेटवर तो सूर वर चढवते. बारशाच्या आधी ती अमरावतीला आली, मी नाव रेकॉर्ड केलं आणि वर चढवून तिला ऐकवलं.

तिनं तोंड वाकडं केलं. "हे तं पोपट बोलून राहिला," ती म्हणाली. "मी हाओ का हे? मले जसं येते तसं राहू दे."

मग तिनं नाव तिच्या नव्या आवाजात, खालच्या सप्तकात म्हटलं, आणि मी ते सोडलेल्या जागेत ठेवलं.

बारशाच्या दिवशी बायका पाळण्याभोवती जमल्या. ताईनं डोरी धरली आणि मी टॅबलेट छोट्या स्पीकरला जोडून सुरू केला. जुना आवाज कडव्यातून वर वर चढत गेला, आणि जिथं तो टोकाला पोचायचा तिथं खालून, खरखरीत, जवळून नाव आलं. कुणी कानाशी येऊन बोलावं तसं. माझी सून पाळण्याच्या कडेला हात ठेवून उभी होती. तिनं मला विचारलं, की हे पुन्हा ऐकता येईल का. दुसऱ्या वेळी नावापाशी ताईही म्हणाली, तोंडानं. भिंतीपाशी भाऊजी उभे होते. पान खायला गेले नव्हते.

दिवाळीनंतर मी पुन्हा अकोल्याला गेले. ताई म्हणाली, लेकरांचे पाळणे झाले, आता मोठ्या मानसांसाठी काई बांधतो, त्याइलेही झोप येत नाई. मी टॅबलेट उघडला आणि सवयीनं तंबोरा काळी चारमध्ये लावला. तिनं मान हलवली. मी एक एक सूर उतरवत गेले. काळी तीन, काळी दोन. प्रत्येक सुरावर ती तोंडातल्या तोंडात सा लावून बघायची.

"अजून थोडं खाली घे," ती म्हणाली.

मी पांढरी दोन लावली. तिनं डोळे मिटले, सा लावला, आणि तो लागला.